शिव्या न खाणारा इंजिनिअर

सर कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्ची उलटी करत. यजमान "बसा, बसा" म्हणत असायचा आणि सर खुर्चीचे पाय वर करून एकेक स्क्रू बोटानं चाचपत असायचे. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, सर तिथं पेचकस लावत. ढिला स्क्रू आवळून झाला, खुर्ची सरळ करून दाबून पाहिली, की मग बसत आणि मगच नमस्कार करत. माझ्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा ते स्टेजच्या मागं उकिडवे बसलेले होते, कारण तिथला पंखा मान फिरवताना कटकट करत होता. लग्नाच्या व्हिडिओत शेवटच्या मंगलाष्टकाला ती कटकट अचानक थांबते. माझ्या सासऱ्यांना ते मंडपवाल्याचे माणूस वाटले. "जेवून जा हं," असं त्यांनी आपुलकीनं सांगितलं. सर हो म्हणाले आणि जेवून गेले.

सर आम्हाला इंजिनिअरिंग कॉलेजात मशीन ड्रॉइंग शिकवत. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, पुढं त्यांच्याच डिपार्टमेंटला लेक्चरर म्हणून लागले. त्यांची शाळा निजामाच्या अमदानीत उर्दूतून झालेली. पोलीस ॲक्शननंतर शाळेची भाषा बदलली, सरांच्या डोक्यातली मात्र बदलायची राहून गेली. पाढे ते उर्दूत म्हणत, त्रिकोणाला घाईत 'मुसल्लस' म्हणत आणि कंपासला 'परकार'. नव्या पोरांना हे इंजिनिअरिंगचे खास शब्द वाटत. एकानं परीक्षेत 'मुसल्लस' असं लिहूनही दिलं आणि सरांनी त्याला मार्क दिले.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गावं राहत. मी वैजापूरची म्हणून मी 'वैजापूर'. शहरातल्या पोरांना ते मोहल्ल्यानं किंवा कॉलनीनं हाक मारत. मी लेक्चरर झाले, साडी नेसून स्टाफरूममध्ये बसायला लागले, तरी प्रिन्सिपॉलसमोर "हे वैजापूरला विचारा" असंच चालायचं. मी एकदा रागावून म्हणाले, सर, आता तरी मॅडम म्हणा. त्यांनी दोन दिवस मॅडम म्हटलं. तिसऱ्या दिवशी मलाच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

पहिल्या वर्षाला सगळीकडं पोरं शंकू आणि लोलक काढतात. सरांच्या वर्गात पहिलं ड्रॉइंग वेगळं असे. घरातली अशी एक वस्तू काढायची, जी घरातल्या कुणाला तरी रोज छळते. मी आमच्या फडताळाची कडी काढली. ती अडकायची आणि बोट चिमटायची. चांगलं तीन बाजूंनी काढलं होतं, मापं टाकली होती. सरांनी कागद पाहिला आणि विचारलं, ही कुणाला छळते? मी म्हणाले, आईला. "आईला विचारलंस व्हय?" मी म्हणाले, नाही. त्यांनी कागद परत दिला.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आईला विचारलं. ती म्हणाली, कडीचं काय घेऊन बसलीस, ओट्याचं बघ. आमच्या स्वयंपाकघरातला ओटा बांधला तेव्हा आई बाळंतपणाला माहेरी होती. गवंड्यानं माप वडिलांचं घेतलं, आणि वडील चांगले उंच. त्या खेपेला जन्मले ती मीच. म्हणजे माझं जेवढं वय तेवढी वर्षं आई खांदे उचलून भाकरी थापत होती आणि मी कडीची मापं टाकत बसले होते. वडील ऐकून म्हणाले, मग आता ओटा फोडायचा व्हय? ओटा फोडला नाही, आईच्या पायाखाली लाकडी पाट आला. मी ओट्याचं ड्रॉइंग घेऊन गेले तेव्हा सर एवढंच म्हणाले की आपल्याला दिसतो तो त्रास बहुतेक वेळा खरा नसतो, ज्याला होतो त्याला विचारावं लागतं. इंजिनिअरिंगची पुढली सगळी वर्षं मी पुष्कळ काही शिकले, पण इतकं उपयोगाचं दुसरं काही शिकले असं मला वाटत नाही.

आता त्यांच्या 'दाद'बद्दल सांगते, कारण सर म्हटलं की शहरातल्या जुन्या इंजिनिअरांना तीच आठवते. दरवर्षी थंडीत ड्रॉइंग हॉलमध्ये सर एक कार्यक्रम करत. कॉलेजातून बाहेर पडून थोडीच वर्षं झालेल्या एका इंजिनिअरचं पहिल्या वर्षाच्या पोरांसमोर कौतुक करायचं, म्हणजे पोरांना कळेल की आपण कशासाठी शिकतोय. 'सत्कार' हा शब्द त्यांना चालत नसे. सत्कार म्हाताऱ्यांचा करतात, पोरांना दाद देतात, असं त्यांचं म्हणणं. शाल नाही, श्रीफळ नाही, हार नाही. पुढच्या रांगेत निरनिराळ्या कारखान्यांतले कामगार बसत, प्रिन्सिपॉल दुसऱ्या रांगेत. ज्याला दाद द्यायची त्याच्या मशीनवर जो माणूस काम करतो, तो उभा राहून बोले. तेच मानपत्र.

आणि नाव आधी कुणाला सांगायचं नाही. सर पाचसहा जुन्या विद्यार्थ्यांना बोलावत, ते पोरांच्यात मिसळून बसत, आणि नाव सर ऐनवेळी घेत. "आधी फुटलं की दाद नाय राहत," ते म्हणत, "वशिला होतो." ह्या बाबतीत ते अगदी हट्टी होते. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोलासुद्धा नाव संध्याकाळीच कळे.

निवड करायची कसोटी एकच होती. ज्याच्या मशीनवर बसणारा माणूस त्याला शिव्या देत नाही, तो इंजिनिअर. दिवाळी संपली की सर लूनावरून चिकलठाण्याच्या आणि वाळूजच्या कारखान्यांत हिंडायला लागत. गेटवरचे वॉचमन ओळखीचे, आतले निम्मे सुपरवायझर त्यांचेच विद्यार्थी. कामगारांबरोबर चहा घेत आणि विचारत, ही मशीन कुणी केली, त्याला शिव्या देता का, आणि कोणत्या देता. शिवीवरून त्यांना दुखणं कळे म्हणे. आईवरून दिली तर कंबर, बहिणीवरून दिली तर बोटं. हे शास्त्र त्यांनी वर्गात कधी शिकवलं नाही, मला मात्र एकदा भर क्रांती चौकात सिग्नलला सांगितलं.

एका वर्षी त्यांनी अशा पोराला दाद दिली ज्यानं काहीच बनवलं नव्हतं. फक्त एका मशीनचं बटण सरकत्या पट्टीवर बसवलं होतं, म्हणजे ते डावीकडं किंवा उजवीकडं घेता येईल. प्रिन्सिपॉल हसले. त्यांच्या ओळखीत तेव्हा परदेशी जाऊन आलेले, पेटंटवाले असे कितीतरी माजी विद्यार्थी होते. मग पुढच्या रांगेतला कामगार उभा राहिला. तो म्हणाला, मी डावखुरा हाय. ह्या साहेबानं मला इचारलं, लिहितो कोणत्या हातानं. मी म्हणलं, लिहिता येत नाय. मग इचारलं, गोफण कोणत्या हातानं मारतो. एवढं बोलून तो खाली बसला. हॉलमध्ये टाळ्या थांबेनात. त्या वर्षी होस्टेलची पोरं मेसच्या आचाऱ्याला "तुम्हाला काय छळतं" असं इतकं विचारायला लागली की शेवटी तो म्हणाला, तुम्हीच छळता.

मला सांगायची आहे ती सरांच्या नोकरीतली शेवटची दाद.

त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं होतं आणि डॉक्टरांनी लूना बंद केली होती. मी नवी स्कूटर घेतली होती. तेव्हा बाई स्कूटर चालवतेय आणि मागं पांढऱ्या केसांचा गृहस्थ बसलाय, हे दृश्य शहरात रोजचं नव्हतं. जालना रोडवर पोरं मान वळवून बघत. सरांचं तिकडं लक्ष नसे. ते माझ्या खांद्यावरून पुढं वाकून इंजिनचा आवाज ऐकत आणि मी क्लच कधी चुकीचा दाबला ते सांगत.

त्या वर्षी कुणाला दाद मिळणार हे सगळ्या कॉलेजनं ठरवून टाकलं होतं. फर्दापूरला. हा सरांचा सगळ्यांत लाडका विद्यार्थी. अजिंठ्याच्या पायथ्याच्या फर्दापूरचा, वडील लेण्यांत म्हाताऱ्या प्रवाशांना डोलीत बसवून वर नेणारे. पहिल्या वर्षी त्यानं डोलीचा दांडा काढला होता, वडिलांच्या खांद्यावर तो नेमका कुठं रुततो ते वडिलांना विचारून. सरांनी ते ड्रॉइंग आपल्या टेबलामागच्या भिंतीवर लावलं आणि कधी काढलं नाही. दर रविवारी तो सरांच्या घरी जेवायला असे. सरांना मूल नव्हतं. काकू त्याला 'धाकटा' म्हणत, थोरला कोण ते कधी कुणी विचारलं नाही. आता तो वाळूजच्या एका कारखान्यात होता, बजाजनगरला खोली घेऊन राहत होता. पत्र्याच्या पिंपांना बूड लावायचं एक मशीन त्यानं केलं होतं. त्यानं काम दुपटीनं वाढलं, पेपरात त्याचा फोटो आला. सर तो पेपर घडी घालून खिशात ठेवत, पेचकसाच्या शेजारी.

दुसरं नाव होतं समर्थनगरचं. त्याच्या वडिलांचा चिकलठाण्याला डब्यांचा कारखाना होता आणि कॉलेजच्या वर्कशॉपला त्यांनी नुकतीच नवी लेथ मशीन दिली होती. हा पोरगा आमच्या कॉलेजात गाडीतून यायचा. सरांच्या पहिल्या ड्रॉइंगला त्यानं कोरा कागद दिला होता. खाली लिहिलं होतं, 'आमच्या घरात काही छळत नाही.' सर ते विसरले नव्हते. स्टाफ मीटिंगमध्ये प्रिन्सिपॉल सहज म्हणून म्हणाले की यंदा ह्याचंही काम बघून या, तर सर ताडकन उभे राहिले. म्हणाले, बघायची गरज नाय. बाप लेथ देतो म्हणून लेकाला दाद मिळत नाय, निदान मी असेपर्यंत तरी नाय. स्टाफरूममध्ये टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. असा माणूस आपल्यात आहे ह्याचा सगळ्यांना अभिमान वाटला, आणि चहा जरा जास्तच गोड लागला.

आधी आम्ही वाळूजला गेलो. फर्दापूरची तेव्हा पाळी नव्हती, ते सरांनी मुद्दामच बघितलं होतं. त्याच्या मशीनवर चाळिशीतला एक माणूस होता. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. त्या माणसानं माझ्याकडं बघितलं, मग म्हणाला, "सर, मागल्या सालीबी तुम्ही हेच इचारलं. मागल्या सालीबी मी हेच सांगितलं. बुडाचा नग खाली पडतो, दर नगाला वाकावं लागतं. घरी गेल्यावर बूट काढायला बायको लागती. शिव्या देतो का? देतो की. रोज देतो."

मी सरांकडं बघितलं. मागल्या वर्षी ते इथं येऊन गेले होते आणि ह्यातलं एक अक्षर कुणाला बोलले नव्हते. परतीच्या रस्त्यावर त्यांनी इंजिनचा आवाज ऐकला नाही. मी विचारलं, सर, त्याला सांगितलं का नाही? मग मागून म्हणाले, वाटलं होतं, त्याचं त्याला दिसेल. डोली काढणारं पोर आहे ते.

दोन दिवसांनी ते स्वतःच म्हणाले, चल, त्या समर्थनगरकडं पण जाऊन येऊ. मला कळलं की त्यांना तिथं काय ऐकायचं होतं. तिथंही शिव्या ऐकल्या असत्या तर सगळं सोपं झालं असतं.

चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात डब्यांची झाकणं ठोकायच्या, समर्थनगरनं बदलून घेतलेल्या प्रेस होत्या. त्यांवर बसणारी माणसं टेकून बसली होती. झाकण हाताशी येत होतं आणि आपोआप पुढं जात होतं. सरांनी एकाला विचारलं, दुसऱ्याला विचारलं. कुणी शिवी देईना. हे मालकाला भिऊन बोलतायत असं वाटून त्यांनी कोपऱ्यातल्या एका पिकल्या दाढीच्या चाचांना उर्दूत बोलतं केलं. आधी गावाची, मग मुलाबाळांची चौकशी, मग हळूच मशीनवर आले. चाचा सांगायला लागले की छोटे साहेब मशीनला हात लावायच्या आधी कितीतरी दिवस डबा घेऊन त्यांच्यासोबत पाळीला येत होते, त्यांच्याच स्टुलावर बसून झाकणं ठोकत होते. संध्याकाळी मान धरून उठायचे. सरांनी तोच प्रश्न पुन्हा फिरवून विचारला, आणखी एकदा विचारला. चाचांनी चष्मा काढला.

"मास्टर साब, तुमको गालीच होना क्या? होना तो मैं मेरे जमाई को देतूं. इस बच्चे को कायको?"

आजूबाजूचे सगळे हसले. सर हसले नाहीत. निघताना समर्थनगर धावत गेटपर्यंत आला. सरांच्या पाया पडला आणि संकोचून म्हणाला, सर, तेव्हा कोरा कागद उद्धटपणानं दिला नव्हता. आमच्या घरी सगळं दुसरेच करायचे, मला खरंच काही माहीत नव्हतं. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

जालना रोडला टपरीवर आम्ही चहा घेतला. मी त्यांना माझ्या परीनं वाट काढून दिली. म्हटलं, समर्थनगरला दिली तर लोक म्हणतील, म्हातारा लेथला भुलला. शेवटच्या वर्षी हे कशाला? यंदा कसोटीला कुणीच उतरत नाही म्हणा, किंवा तिसरा कुणी शोधू. सर कपातला चहा हलवत बसले होते. म्हणाले, "कुणीच नाय म्हणलो तर माझी अब्रू राहील. पण समोर बसलेल्या पोरांना मी काय सांगितलं असं होईल? की नियम चांगला हाय, फक्त लाजायची वेळ आली की मोडायचा."

मग मी म्हटलं, निदान फर्दापूरला आधी भेटा. त्याला एकट्याला सांगा. तो आईवडिलांना घेऊन येणार आहे, काकूंनी सांगितलं मला. सरांनी मान हलवली. नाव आधी फुटत नाय, वैजापूर. आजवर कुणासाठी फुटलं नाय, ह्याच्यासाठी फोडलं तर तो लाड झाला. मी पुष्कळ वाद घातला. माणूस स्वतःच्या नियमाला इतका कसा बांधलेला असतो, ह्याचा मला त्या दिवशी राग आला होता आणि आजही येतो.

कार्यक्रमाच्या दिवशी फर्दापूर नव्या शर्टात आला. बरोबर आई आणि वडील. वडिलांचा फेटा नवा होता आणि खांदे दोन्हीकडं वेगवेगळे दिसत होते, एक वर, एक खाली. काकूंनी त्यांना खिडकीपाशी बसवलं. फर्दापूर लांबून सरांकडं बघून हसला. सर नजर चुकवून खुर्च्यांचे स्क्रू तपासायला लागले, आणि त्या खुर्च्या तर त्यांनी आदल्या दिवशीच तपासल्या होत्या.

सर बोलायला उभे राहिले. त्यांनी समर्थनगरचं नाव घेतलं. हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली, मागच्या भिंतीला टेकलेल्या आमच्या स्टाफमध्ये तर जास्तच. सर थांबले, आवाज खाली बसू दिला आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना म्हणाले, "ह्या पोराला मी न बघता नाकारलं होतं. स्टाफरूममध्ये, मोठ्यानं. त्याच्या बापाच्या गाडीवरून मी त्याची मशीन ठरवली. तुम्ही उद्या इंजिनिअर झालात तर असं करू नका. आधी जा, बघा, विचारा, मग बोला." मग चाचा उठले. "पैले हम काम को गाली देते थे, साहब," ते म्हणाले. "अब काम है तो काम है." पोरांनी टाळ्या वाजवल्या. फर्दापूरच्या वडिलांना नेमकं काय चाललंय ते समजलं नसावं. सगळे वाजवतायत म्हणून त्यांनीही वाजवल्या, हसून, मुलाकडं बघत. फर्दापूरनं त्यांचा हात धरला आणि तिघं हॉलमधून बाहेर गेले. मी तो हात अजून विसरलेली नाही.

लोक बोलायचं ते बोललेच. लेथचा विनोद स्टाफरूममध्ये सरांच्या निरोप समारंभापर्यंत चालला आणि त्यांनी तो ऐकून घेतला. पुढं दाद बंद पडली. आता कॉलेजात तरुण इंजिनिअरांना पुरस्कार देतात, तो चांगलाच कार्यक्रम असतो. मोठा पडदा असतो, शाल असते, पोरं फोटो काढतात. मीही निवड समितीवर असते आणि आलेली माहिती वाचून मार्क देते. कारखान्यात जाऊन कुणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर आता कुणी आतही सोडणार नाही. सरांना जाऊनही बरीच वर्षं झाली. पण त्यांची आठवण काढायला बसले की मला तो हॉल दिसत नाही, त्याच दिवशीची संध्याकाळ दिसते.

पाहुणे गेले तसे सर माझ्याकडं आले आणि म्हणाले, स्कूटर काढ, बजाजनगरला जायचंय. वाळूजच्या रस्त्यावर ऊन उतरत आलं होतं. फर्दापूरच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. वडिलांनी उघडलं, सतरंजी झटकली, पाणी दिलं. आई चुलीशी, म्हणजे स्टोव्हशी, पाठमोरी बसून होती. फर्दापूर खिडकीकडं तोंड करून उभा होता, तो वळला नाही.

सर बसले नाहीत. उभ्यानंच त्याच्या पाठीला म्हणाले, "तुझ्या मशीनवरच्या माणसाची कंबर जाते. मला मागल्या वर्षीच कळलं होतं. तू माझा म्हणून मी बोललो नाय. एक वर्ष तो वाकला, ते माझ्यामुळं."

फर्दापूर तेव्हा वळला. त्याचे डोळे लाल होते. तो सरांशी आयुष्यात पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलला असेल.

"हे मला एकट्याला सांगता आलं असतं, सर. आज सकाळी सांगितलं असतं तरी चाललं असतं. आबांनी टाळ्या वाजवल्या तिथं."

"व्हय," सर म्हणाले. "ते चुकलं."

मला वाटलं होतं ते नियमाचं काहीतरी सांगतील. त्यांनी नाही सांगितलं. मग त्याचे वडील, जे एवढा वेळ दाराला टेकून ऐकत होते, मुलाला म्हणाले, "सर एवढ्या लांब सांगायला आले, म्हणजे सांगण्यासारखं असंल. जा, बघून ये."

कारखाना जवळच होता. आम्ही तिघं चालत गेलो. दुसरी पाळी सुरू होती आणि मशीनवर तोच माणूस होता. आम्हाला बघून त्यानं मशीन थांबवलं आणि हात पुसले. फर्दापूरनं त्याला विचारलं, ह्याच्यावर काम करताना त्रास होतो का? तो माणूस सरांकडं बघायला लागला, मग माझ्याकडं, मग खाली. "नाय साहेब," तो म्हणाला. "मशीन चांगली हाय."

आता सर बोलतील म्हणून मी बघितलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते.

फर्दापूरनं नव्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, म्हणाला, सरका जरा, आणि मशीन चालू केलं. नग खाली पडला, त्यानं वाकून उचलला, लावला. पुन्हा पडला, पुन्हा वाकला. मशीन वेगाचं होतं, त्यानंच ते तसं केलं होतं, ते दम घेऊ देईना. सुरुवातीला तो झपाट्यानं उचलत होता, जणू आम्हाला काहीतरी दाखवून द्यायचं होतं. नंतर त्याचा वेग त्याचा राहिला नाही. शर्ट पाठीला चिकटला. शेजारच्या मशीनवरची माणसं बघायला लागली. सर हात मागं बांधून उभे होते आणि त्यांच्या नुकत्याच ऑपरेशन झालेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

बऱ्याच वेळानं फर्दापूर एका नगासाठी वाकला आणि लगेच सरळ झाला नाही. गुडघ्यावर हात टेकून तसाच राहिला. तो माणूस पुढं झाला. त्यानं मशीन बंद केलं, फर्दापूरच्या हातातला नग घेतला आणि खाली ठेवला.

"साहेब," तो म्हणाला, "आता सांगतो."